इंजिनाची आठवण, आठ पायांवर

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते, यावरून त्या पुराची कल्पना यावी. सांगलीवाडी, हरिपूर आणि शहरातील सखल पेठांमध्ये पाणी दिवसेंदिवस ठाण मांडून बसले होते. माणसे कशीबशी बाहेर पडली. दारात आणि तळमजल्यावर उभ्या असलेल्या मोटारी मात्र जागच्या जागी बुडाल्या. अशा बुडालेल्या गाडीचे बरेच काही वाचवता येते. इंजिनात शिरलेले पाणी काढता येते, तेल बदलता येते, आसने उन्हात वाळवता येतात, चाकांचे बेअरिंग नवे घालता येतात. अडते ते डॅशबोर्डखाली बसवलेल्या, जेमतेम वहीच्या आकाराच्या एका धातूच्या पेटीपाशी. ही पेटी म्हणजे इंजिनाचा संगणक. गॅरेजच्या भाषेत ईसीएम किंवा ईसीयू.

नव्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा विमा कंपनीच्या टेबलावर सुटतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचे तसे नसते. अशा गाडीला अनेकदा केवळ थर्ड पार्टी विमा असतो आणि त्यात मालकाच्या स्वतःच्या गाडीचे पुराने झालेले नुकसान भरून मिळत नाही. नवा ईसीएम मिळालाच तर त्याची किंमत गाडीच्या बाजारभावाच्या तुलनेत डोळ्यांत भरण्याजोगी असते आणि पुष्कळदा तो मिळतच नाही. मग गाडी भंगारात जाते. इंजिन धडधाकट, पत्रा शाबूत, टायर चांगले, आणि तरी गाडी भंगारात! हे टाळता येण्याजोगे असते, कारण पेटीतील सर्किट बोर्ड गंजून निकामी झाला तरी त्यावरील एक छोटासा आयसी बहुतेक वेळा जिवंत असतो. गाडीची म्हणून जी काही खास माहिती असते, ती त्या आयसीत असते. तो वाचणे, त्यातील माहितीची प्रत काढणे आणि ती दुसऱ्या बोर्डावर नेऊन बसवणे, हे जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतील एक स्वतंत्र कसब आहे.

संगणक इंजिनात का आला?

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला गेलेल्या जुन्या चालकांना कार्ब्युरेटरच्या गाडीचे दुखणे चांगले ठाऊक असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. मुंबईच्या तुलनेत तेथे हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. हवा विरळ झाल्याचे कार्ब्युरेटरला पुरतेपणी उमगत नाही. तो जवळपास पूर्वीच्याच सवयीने पेट्रोल सोडत राहतो. परिणामी मिश्रणात पेट्रोल जास्त होते, प्लग काळे पडतात, धूर येतो आणि गाडी दम टाकते.

संगणकाची गोष्ट वेगळी. एका संवेदकाकडून त्याला इनटेकमधील हवेचा दाब कळतो, दुसऱ्याकडून हवेचे तापमान, तिसऱ्याकडून इंजिनाच्या पाण्याचे तापमान, आणखी एकाकडून इंजिनाचा वेग. धुरांड्यातील ऑक्सिजन संवेदक जळणानंतरचा हिशेब कळवतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने, हे प्रमाण पूर्ण ज्वलनासाठी आदर्श धरले जाते आणि उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नीट चालायचा तर मिश्रण या प्रमाणाच्या अगदी जवळ राखावे लागते. कार्ब्युरेटरकडून हे काम होण्यासारखे नव्हते.

म्हणूनच भारतात संगणक गाडीत आला तो हौसेने नव्हे, तर धुराच्या नियमांनी. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी कडक निकष लागू करण्याचा आदेश दिला आणि १ एप्रिल २००० पासून युरो-१ च्या तोडीचे निकष देशभर लागू झाले. मोटार कंपन्यांची त्यापूर्वीच धावपळ सुरू झाली होती. १९९८ मध्ये आलेल्या होंडा सिटी आणि ह्युंदाई सँट्रो या गाड्यांत इंजेक्शन प्रणाली सुरुवातीपासूनच होती. मारुती ८०० ला ती २००० च्या सुमारास मिळाली आणि 'एमपीएफआय' ही अक्षरे गाडीच्या मागच्या काचेवर मिरवू लागली. सातारा-सांगलीच्या मेस्त्रींच्या पिढीला एका रात्रीत कार्ब्युरेटरचा जेट सोडून विजेच्या तारांत डोके घालावे लागले, ते या काळात.

डिझेलच्या जुन्या गाड्या याला अपवाद. ग्रामीण भागातील वडापच्या जुन्या जीप आणि जुन्या सुमो यांच्या यांत्रिक पंपाला संगणकाची गरज नव्हती. त्या पुरात बुडाल्या तरी मेस्त्री त्यांना पाना-पक्कडीनेच पुन्हा उभे करत असत.

दोन प्रकारच्या आठवणी

संगणकाला हिशेब करायचा तर दोन गोष्टी लागतात : हिशेबाची रीत आणि हिशेबाचे कोष्टक. इंजिनाचा वेग आणि त्यावरील भार यांनुसार किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, यांची कोष्टके कंपनीचे अभियंते प्रयोगांती तयार करतात. सोळा ओळी आणि सोळा स्तंभांचे कोष्टक धरले तर २५६ घरे होतात आणि प्रत्येक घरात एक आकडा असतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेट्रोल सोडावे लागते. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये असे ७५ निर्णय सेकंदाला होतात. प्रत्येक वेळी संगणक कोष्टकातील जवळची घरे पाहतो आणि मधली किंमत काढतो. ही रीत आणि ही कोष्टके ज्या मेमरीत असतात ती एकाच मॉडेलच्या, एकाच आवृत्तीच्या सर्व गाड्यांत सारखी असते.

दुसरी आठवण खासगी असते. याच गाडीची किल्ली कोणती, इमोबिलायझरशी ठरलेला संकेत कोणता, आयडलिंगची शिकून घेतलेली बारीक दुरुस्ती किती, काही गाड्यांत चासी क्रमांक कोणता, ही माहिती प्रत्येक गाडीची वेगळी असते. ती एका लहानशा ईईप्रॉम जातीच्या आयसीत ठेवली जाते. पहिली आठवण ही छापील पाठ्यपुस्तकासारखी आणि दुसरी स्वतःच्या डायरीसारखी. पाठ्यपुस्तक हरवले तर दुसरे मिळते, डायरीचे तसे नसते. ईसीएम बदलण्याच्या सगळ्या भानगडीचे मूळ या एका फरकात आहे.

आयसीत माहिती राहते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक कप्प्यात काचेसारख्या अतिपातळ विद्युतरोधक थराने चहूबाजूंनी वेढलेली एक बंदिस्त जागा असते. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले तर एक अर्थ, ती रिकामी असेल तर दुसरा. वीज बंद झाली, बॅटरी काढली, तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन तेथेच राहतात. १९७१ मध्ये इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी याच तत्त्वावर ईप्रॉम तयार केली. अर्थात, हे कोंडणे चिरंतन नव्हे. जुन्या आयसींच्या बाबतीत उत्पादक सामान्यतः दहा वर्षांची हमी देत. प्रत्यक्षात त्या वीस-तीस वर्षेही टिकलेल्या दिसतात, परंतु उष्णतेने गळती वाढते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली किती तापते, हे एप्रिल-मे महिन्यांत माण-खटावकडे गाडी नेणाऱ्याला सांगायला नको.

काचेची खिडकी असलेला आयसी

१९८० आणि १९९० च्या दशकांतील अनेक युरोपीय, अमेरिकी व जपानी गाड्यांत पहिल्या प्रकारची मेमरी ही २८ पायांच्या स्वतंत्र ईप्रॉममध्ये असे. २७सी२५६ हा त्यातील फार प्रचलित आयसी. त्यात ३२ किलोबाइट मावतात. २७सी५१२ मध्ये त्याच्या दुप्पट. बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीच्या पुढच्या आवृत्त्यांत आणि त्या काळच्या बीएमडब्ल्यू गाड्यांत ही जात आढळते. अमेरिकेत जनरल मोटर्सने तर पद्धतच पाडली होती : दुरुस्तीसाठी नवा ईसीएम घेतला, की तो मेमरीविना मिळे आणि मेस्त्रीने जुन्या पेटीतील मेमरी काढून नव्या पेटीत बसवायची असे. आज जे कसबाचे काम वाटते ते तेथे नेहमीच्या सर्व्हिसिंगचा भाग होते.

या आयसीच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असते आणि तिच्यावर कागदी लेबल चिकटवलेले असते. ते लेबल शोभेचे नव्हे. सुमारे २५४ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांनी ही मेमरी पंधरा-वीस मिनिटांत पुसली जाते. थेट सूर्यप्रकाशात ती पुसली जायला साधारण आठवडा लागतो आणि ट्यूबलाइटच्या अखंड प्रकाशात सुमारे तीन वर्षे, असे उत्पादकांनीच माहितीपत्रकात नमूद केले होते. लेबल निघालेला आयसी उघड्यावर ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आयसी सॉकेटमध्ये असेल तर काम सोपे. बॅटरीचा ऋण पोल काढायचा, पेटी उघडायची, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे उचलत आयसी सरळ वर काढायचा. एका बाजूने उपटला तर पाय वाकतात, आणि एकदा वाकलेला पाय सरळ करताना तुटण्याचीच भीती अधिक. आयसीच्या एका टोकाला अर्धवर्तुळाकार खाच असते. तिची दिशा आधी लिहून ठेवावी किंवा मोबाइलवर छायाचित्र काढावे. उलटा बसवलेला आयसी किल्ली फिरवताच जळतो आणि त्याबरोबर आतील मजकूरही जातो. कोरड्या हवेत अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेचाही धोका असतो, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून काम करणारा कारागीर दिसला तर तो उगाच दिखावा करतो आहे, असे समजू नये.

मग आयसी प्रोग्रामर नावाच्या उपकरणात बसवतात. दोन-अडीच दशकांपूर्वी ही उपकरणे संगणकाच्या प्रिंटर पोर्टला जोडली जात; आता यूएसबीला जोडतात. आयसीवर छापलेला क्रमांक अचूक निवडून मजकूर वाचायचा, फाईल साठवायची, पुन्हा वाचायचे आणि दोन्ही फाईली ताडून पाहायच्या. दोन वाचने तंतोतंत जुळली तरच प्रत विश्वासार्ह. न जुळल्यास बहुधा पायांवरची काळी पुटे कारणीभूत असतात, किंवा मग मेमरीच थकलेली असते. अशा थकलेल्या मेमरीचा मजकूर वेळीच नव्या आयसीत उतरवला तर गाडीचे आयुष्य वाढते. लिहिताना मात्र जुन्या जातींना सुमारे १२.५ ते १३ व्होल्टचा दाब लागतो आणि तो जातीगणिक बदलतो. येथे क्रमांक चुकला तर नवा आयसी हातचा जातो. मूळ आयसी अशा वेळी बाजूला, सुरक्षित ठेवलेला असावा, हा या धंद्यातील पहिला नियम.

आठ पायांचा मामला

साताऱ्या-सांगलीच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या २००० नंतरच्या छोट्या गाड्यांत मात्र खिडकीचा आयसी शोधून सापडणार नाही. त्यांतील बऱ्याच गाड्यांत आज्ञावली थेट प्रोसेसरच्या पोटात असते किंवा ४४ पायांच्या फ्लॅश मेमरीत. बाहेर, बोर्डाच्या एखाद्या कोपऱ्यात, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा आठ पायांचा ईईप्रॉम असतो. त्यावर ९३सी४६, ९३सी५६, ९३सी६६, २४सी०२ असे काहीतरी बारीक अक्षरांत छापलेले असते. ९३सी४६ मध्ये १२८ बाइट मावतात. ५६ मध्ये २५६ आणि ६६ मध्ये ५१२. आजच्या संगणकीय देवनागरीत एका चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने १२८ बाइटमध्ये एखादे बेचाळीस चिन्हांचे वाक्य जेमतेम बसेल. एवढ्याशा जागेत गाडीची ओळख असते, आणि ती नसेल तर गाडी सुरू होत नाही.

इमोबिलायझर म्हणजे काय, ते येथे सांगायला हवे. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली फिरवली, की कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून तिला वीज आणि प्रश्न दोन्ही मिळतात. ती आपला संकेत सांगते. इमोबिलायझरची पेटी आणि ईसीएम हा संकेत आपापल्या नोंदीशी ताडतात. जुळले तर इंजिन चालते, नाही तर सुरू होऊन क्षणात बंद पडते किंवा सुरूच होत नाही. त्यामुळेच पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा, अगदी चालू स्थितीतला ईसीएम आणून जोडला तरी गाडी ढिम्म राहते. मालकाला वाटते, आपल्याला बिघडलेला माल मिळाला. माल चांगला असतो. त्याच्या डायरीत दुसऱ्या गाडीच्या किल्लीचे नाव असते, इतकेच.

उपाय दोन. कंपनीच्या स्कॅनरने नव्या पेटीची किल्लीशी पुन्हा ओळख करून देणे, हा सरळ मार्ग. परंतु अनेक प्रणाल्या वापरलेली पेटी पुन्हा स्वीकारत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे मूळ बोर्डावरचा आठ पायांचा आयसी, किंवा त्यातील मजकूर, दुसऱ्या बोर्डावर नेणे. यात ज्या पेटीवर आयसी जाणार ती आवृत्तीने तंतोतंत तीच असावी लागते. सुझुकीच्या ईसीएमचा क्रमांक ३३९२० ने सुरू होतो, ह्युंदाईचा ३९११० ने. पण या आरंभाच्या पाच आकड्यांवर विसंबून चालत नाही. त्यापुढे रेघ असते आणि रेघेपुढचे आकडे इंजिन, गिअरबॉक्स आणि धुराचा निकष ठरवतात. ते जुळले नाहीत तर गाडी कदाचित सुरू होईल, पण मिश्रण बिघडेल. पीयूसी तपासणीत हे उघडे पडते : भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मुभा ३ टक्के होती, स्टेज-२ पासून ती ०.५ टक्क्यावर आली.

आठ पायांचा आयसी वाचताना नवशिक्यांची फसगत ठरलेली. तो बोर्डावर असतानाच वरून क्लिप लावून वाचण्याचा मोह होतो. परंतु क्लिपमधून वीज मिळताच शेजारचा प्रोसेसरही जागा होतो, त्याच तारांवर बोलू लागतो आणि वाचलेला मजकूर भेसळीचा निघतो. वाचनात सर्वत्र 'एफएफ' किंवा सर्वत्र शून्ये आली, तर आयसी कोरा आहे असे न समजता क्लिपचा एखादा पाय टेकलेला नाही असे आधी समजावे. ९३ मालिकेत आणखी एक गोम आहे. माहिती आठ-आठ बिटांनी वाचायची की सोळा-सोळा, हे एका पायाच्या जोडणीवर ठरते. निवड चुकली तर मजकूर बरोबर असूनही जोड्यांची अदलाबदल झालेला दिसतो, आणि तसाच लिहिला तर गाडी त्याला ओळखत नाही.

म्हणून जाणता कारागीर आयसी सरळ उतरवतो. आधी त्यावरील लाखेसारखा संरक्षक थर काढायचा, हॉट एअर गनने डाग मऊ करायचे आणि चिमट्याने आयसी अलगद उचलायचा. घाईने उचलला तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडून येते. पहिला पाय ओळखण्यासाठी आयसीवर ठिपका किंवा कडेला उतार असतो. येथेही नियम तोच : दोनदा वाचा, ताडा, साठवा, मगच पुढचे पाऊल टाका. 'डंप' हा या फाईलसाठी गॅरेजमधला शब्द. ऐकायला कचऱ्याच्या ढिगासारखा वाटला तरी सगळ्या दुरुस्तीत मोलाची वस्तू हीच.

पूर ओसरल्यावर पहिला तास

पुन्हा सांगलीच्या पुराकडे वळू. बुडालेल्या ईसीएमचा खरा शत्रू पाणी नसून पाणी आणि वीज यांची जोडी असते. ओल्या बोर्डावर व्होल्टेज असले, की तांबे विरघळू लागते. मुलामा देण्याच्या कारखान्यात जे मुद्दाम करतात, तेच येथे नकळत घडते. किल्ली बंद असली तरी ईसीएमला बॅटरीची एक कायमची तार असते, त्यामुळे नुसती किल्ली काढल्याने काही साधत नाही. पाणी चढण्याची चिन्हे दिसताच बॅटरीचा पोल काढून ठेवलेली गाडी आणि पोल जोडलेला ठेवून बुडालेली गाडी, यांच्या बोर्डांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाणी ओसरल्यावर 'सुरू होते का बघू' म्हणून किल्ली फिरवणे हा तर बोर्डाचा शेवटच करणे होय. तसेच इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतोच.

बॅटरी तोडून पेटी काढावी, उघडावी, गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा आणि ती पूर्ण वाळू द्यावी. कृष्णेच्या पुराबरोबर येणारा बारीक काळा गाळ आयसीच्या पायांत घट्ट बसतो आणि ओल धरून ठेवतो. तो वरवर वाळला म्हणून समाधान मानू नये. यानंतरचा क्रम मात्र अनेकजण उलटा करतात. बोर्ड दुरुस्त होतो का ते आधी पाहतात, पट्ट्यांवर डाग मारतात, वीज देऊन पाहतात, आणि सगळे प्रयत्न फसल्यावर आयसी वाचायला घेतात. तोवर चुकीच्या वेळी मिळालेल्या विजेने आयसीतील मजकूर बिघडलेला असू शकतो. आधी आयसी उतरवून वाचावा, मग बोर्डाशी हवी तेवढी झटापट करावी. बोर्ड दुसरा मिळतो.

निदान आतापर्यंत तरी मिळत आला आहे. येथे कंपन्यांच्या येण्या-जाण्याचा प्रश्न येतो. १९९५ मध्ये सिएलो आणि १९९८ मध्ये मॅटिझ आणणाऱ्या देवू कंपनीचा भारतातील कारखाना काही वर्षांतच बंद पडला. ओपेल हे नाव २००६ मध्ये भारतातून गेले, जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन गुंडाळण्याची घोषणा केली. या गाड्यांच्या मालकांसाठी भंगारात निघालेली गाडी हाच सुट्या भागांचा मुख्य साठा. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेल्यापासून तर मालक गाडी ठेवावी की काढावी याचा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडतात. त्या हिशेबात ईसीएमचा खर्च बहुधा निर्णायक ठरतो.

त्याच हातांनी होणारे दुसरे काम

जे तंत्र गाडी वाचवते तेच लबाडीलाही उपयोगी पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. काही गाड्यांच्या मीटरमध्ये कापलेले अंतर अशाच आठ पायांच्या आयसीत असते. ते कमी करून गाडी विकणे ही सरळसरळ फसवणूक. जुनी गाडी घेणाऱ्याने आकड्यावर न भुलता पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसिंगची बिले पाहावीत. चोरीच्या गाडीला दुसऱ्या किल्लीशी जुळवण्यासाठीही या कसबाची मागणी होऊ शकते. त्यामुळे नोंदणी पुस्तक, मालकाचे ओळखपत्र आणि गाडीवरचा चासी क्रमांक पाहिल्याशिवाय पेटी हातात न घेणारा कारागीर कटकट्या वाटला तरी विश्वासाचा समजावा.

गाडीची 'ताकद वाढवणाऱ्या' चिपचाही बोलबाला अधूनमधून ऐकू येतो. कोष्टकातील आकडे बदलले, की इंजिनाची वागणूक बदलते, हे खरे. पण टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात त्यातून मिळणारा लाभ किरकोळ असतो. धुराचा निकष बिघडतो, कन्व्हर्टर तापतो, आणि कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडीत फरक करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. शिवाय आकडे बदलल्यावर एकूण मजकुराची बेरीज जुळावी लागते. अनेक ईसीएम किल्ली फिरवताच स्वतःच्या मेमरीची बेरीज करून नोंदलेल्या बेरजेशी ताडतात आणि फरक पडल्यास इंजिनाचा दिवा लावतात. त्या बेरजेचा उपयोग प्रामाणिक कारागिरालाही होतो : उतरवलेली प्रत निर्दोष आहे की नाही, याचा पुरावा ती मजकुरातूनच देते.

बीएस-६ निकष एप्रिल २०२० पासून लागू झाले, आणि त्या पिढीच्या गाड्यांत हे सारे बदलले आहे. आज्ञावली, कोष्टके आणि गाडीची ओळख बहुधा एकाच प्रोसेसरच्या पोटात असते आणि तिला संकेताक्षरांची कुलपे असतात. चोराला आणि लबाडाला ते अवघड जाते हे खरे. पण गंजलेल्या बोर्डावरून आठ पायांचा आयसी उचलून गाडी पुन्हा सुरू करण्याची सोय स्वतंत्र कारागिरालाही उरत नाही. तेथे कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

२०१९ नंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, आयर्विन पुलाजवळचे पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या ज्या घरात इमोबिलायझर असलेली जुनी गाडी आहे, तेथे पावसाळ्यापूर्वी ईसीएममधील ईईप्रॉमची प्रत काढून ठेवणे हे किल्लीची दुसरी प्रत करून ठेवण्यासारखेच आहे. गाडी चालू असताना हे काम निवांतपणे, दोनदा ताडून होते. पुरानंतर त्याच कारागिरापाशी रांग लागलेली असते. फाईल पेनड्राइव्हवर ठेवता येईल, ई-मेलनेही स्वतःला पाठवता येईल. पण ९३सी४६ च्या बाबतीत आणखी एक सोपी तजवीज आहे. त्यातील १२८ बाइट सोळा-सोळाच्या ओळींत छापले तर अवघ्या आठ ओळी होतात. वर पेटीचा पूर्ण क्रमांक, आयसीचा क्रमांक, वाचन आठ बिटांचे की सोळा, आणि तारीख लिहायची, आणि तो कागद नोंदणी पुस्तकाबरोबर वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवायचा. मूळ आयसी गेला, पेनड्राइव्ह हरवला, तरी त्या आठ ओळी कोणीही प्रोग्रामरमध्ये हाताने टंकू शकतो.